यंत्रावर संशय घ्यायची सोय ठेवा

नारायणगावहून खोडदकडे वळलं की द्राक्षांच्या मांडवांमागून त्या तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, एकूण ३०. जीएमआरटी या नावानं जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना माहीत असलेली ही रेडिओ दुर्बीण २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला सगळ्यांसाठी खुली असते. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचो तेव्हा मुलांना घेऊन मी तिथं अनेकदा गेलो. मुलं तबकड्यांचा आकार बघून भारावून जायची. मला लक्षात राहिली ती तिथल्या एका इंजिनिअरनं सांगितलेली गोष्ट. दुर्बिणीचा एक मोठा शत्रू म्हणजे आसपासच्या विजेच्या खांबांवर उडणारी ठिणगी. एखाद्या खांबावरची सैल तार चरचरली, तरी ती आकाशातून येणाऱ्या संदेशापेक्षा कितीतरी मोठ्यानं ऐकू येते. त्यामुळे विश्वाच्या आरंभाचा शोध घेणाऱ्यांना आधी जवळपासचे खांब शोधत हिंडावं लागतं.

याच दुर्बिणीवर झालेल्या एका कामाची मला हल्ली सारखी आठवण येते, आणि ती येते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्या वाचताना.

२०११ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं जीएमआरटीच्या निरीक्षणांवरून एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. महास्फोटानंतर सुमारे ६० कोटी वर्षांनी विश्वातला हायड्रोजन कोणत्या अवस्थेत होता, हे त्यांना शोधायचं होतं. त्या हायड्रोजनमधून निघालेली २१ सेंटिमीटरची रेडिओलहर प्रसरणाऱ्या विश्वाबरोबर ताणली जाते आणि आपल्यापर्यंत पोचते तेव्हा दोन मीटरची झालेली असते. ती फार क्षीण असते. आपल्या आकाशगंगेचा, खांबांचा आणि खुद्द उपकरणाचा गोंगाट तिच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त. म्हणून गटानं फक्त एक कमाल मर्यादा सांगितली: हा संदेश असलाच, तर त्याची ताकद ७० मिलिकेल्विनच्या, म्हणजे एका अंशाच्या हजार भागांतल्या ७० भागांच्या, वर नाही. २०१३ मध्ये त्याच गटानं दुसरा निबंध छापला. त्यात ही मर्यादा होती २४८ मिलिकेल्विन, म्हणजे आधीपेक्षा साडेतीन पटींनी ढिली. गोंगाट गाळणाऱ्या त्यांच्या चाळणीतून मूळ संदेशही थोडा गळून जात होता, आणि पहिल्या वेळी त्याचा हिशेब धरला गेला नव्हता. हे त्यांना कळलं ते एका साध्या युक्तीनं. त्यांनी संगणकात एक बनावट संदेश तयार केला, खऱ्या निरीक्षणांत मिसळला, आणि आपल्या चाळणीतून त्यातला किती शिल्लक राहतो ते मोजलं.

दोन वर्षं राबून माणसांनी आपलाच दावा सैल केला आणि तो रीतसर छापला. त्यानं त्यांची पत गेली नाही. या क्षेत्रात पत अशीच कमावली जाते.

'जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्ता' हे शब्द आता प्रत्येक कंपनीच्या पत्रकात आणि प्रत्येक सरकारच्या धोरणात असतात. माझ्या लेखी त्यांचा अर्थ एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांनी ते चुकतं कुठं हे शोधायला खोडदच्या निरीक्षणांवर काम करणाऱ्यांइतके कष्ट घेतले का, आणि ते कष्ट आपल्याला तपासता येतील असे उघड्यावर ठेवले का? याचं उत्तर 'नाही' असेल, तर तत्त्वांची यादी कितीही लांब असली तरी ती माझ्या कामाची नाही.

हा विचार करताना ज्या माणसाचं नाव टाळता येत नाही ते म्हणजे मॅक्स टेगमार्क. जन्म स्वीडनचा, १९६७ चा. अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक. आज त्यांची ओळख कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांबद्दल बोलणारे शास्त्रज्ञ अशी आहे. २०१४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 'फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट' काढली. मार्च २०२३ मध्ये याच संस्थेनं एक खुलं पत्र प्रसिद्ध केलं: चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-४ या मॉडेलपेक्षा ताकदवान प्रणाली घडवण्याचं काम सगळ्या प्रयोगशाळांनी किमान सहा महिने थांबवावं. पत्रावर हजारो सह्या झाल्या. काम कोणी थांबवलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये संस्थेनं आणखी पुढची मागणी केली: माणसाला जवळपास सगळ्या बौद्धिक कामांत मागं टाकणारी अतिबुद्धिमत्ता सुरक्षितपणे घडवता येईल यावर शास्त्रज्ञांचं व्यापक एकमत होईपर्यंत, आणि लोकांचा ठोस पाठिंबा मिळेपर्यंत, तिच्या निर्मितीवर बंदी असावी.

बातम्या एवढंच सांगतात. टेगमार्क यांचं त्याआधीचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते अक्षरशः धूळ झटकण्याचं काम होतं. महास्फोटानंतरचं पहिलं मोकळं झालेलं प्रारण आजही साऱ्या आकाशातून येतं. त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या जेमतेम २.७ अंश वर आहे. एका दिशेकडून दुसऱ्या दिशेकडे पाहताना त्यात लाखात एक भाग एवढा फरक पडतो, आणि विश्वाचं वय, घटक, आकार यांची माहिती त्या फरकात दडलेली असते. अडचण अशी की तो फरक मोजायला आपण आपल्याच आकाशगंगेच्या आत बसून बाहेर बघतो. आकाशगंगेतली धूळ चमकते, तिच्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओलहरी सोडतात. अंगणातल्या शेकोटीच्या धुरातून टेकडीपलीकडचा दिवा बघण्यासारखं हे आहे. १९९६ मध्ये टेगमार्क आणि जॉर्ज एफस्टाथिऊ यांनी हा धूर वजा करण्याची एक गणिती पद्धत मांडली. धूळ आणि प्रारण वेगवेगळ्या तरंगलांबींवर वेगवेगळे वागतात. म्हणून एकच आकाश अनेक तरंगलांबींत पाहायचं आणि त्या चित्रांचं असं मिश्रण करायचं की धूळ कमीत कमी उरेल.

फेब्रुवारी २००३ मध्ये नासानं हे प्रारण मोजणाऱ्या 'डब्ल्यूमॅप' उपग्रहाची पहिल्या वर्षाची निरीक्षणं जाहीर केली, पाच तरंगपट्ट्यांतली, सगळ्या जगासाठी खुली. त्याच महिन्यात टेगमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून स्वतःच्या पद्धतीनं साफ केलेला नकाशा प्रसिद्ध केला. त्यात त्यांना एक विचित्र गोष्टही दिसली: आकाशातले सर्वांत मोठ्या आकाराचे चढउतार एकमेकांशी अनपेक्षितपणे जुळवून घेतल्यासारखे होते. तो योगायोग आहे की आणखी काही, यावर पुढं बरीच वर्षं वाद झाला. वादाचा निकाल काय लागतो हा इथला मुद्दा नाही. उपग्रहाच्या गटाबाहेरच्या माणसांनी उपग्रहाचेच आकडे घेऊन महिन्याच्या आत स्वतंत्र नकाशा काढला, हा मुद्दा आहे. विश्वरचनाशास्त्रातल्या कुठल्याही मोठ्या दाव्यामागं अशी दोन-चार परकी डोकी उभी असतात. १९९८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय असं आढळलं तेव्हाही एकमेकांशी स्पर्धा करणारे दोन वेगळे गट त्याच निष्कर्षाला पोचले होते, म्हणून जगानं ते मानलं.

आणि जिथं ही शिस्त सुटली तिथं काय झालं, तेही विसरून चालणार नाही. १७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या 'बायसेप-२' या प्रयोगानं जाहीर केलं की विश्वाच्या पहिल्या क्षणांतल्या गुरुत्वीय लहरींची, म्हणजे खुद्द अवकाशात उठणाऱ्या तरंगांची, खूण सापडली. विश्व पहिल्या क्षणात प्रचंड वेगानं फुगलं या सिद्धांतावर ज्यांनी आयुष्य घातलं होतं त्या आंद्रेई लिंदे यांच्या दारावर जाऊन एका शास्त्रज्ञानं ही बातमी दिली, आणि तो क्षण चित्रफितीत जगभर पाहिला गेला. मीही तो पुन्हा पुन्हा पाहिला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. जानेवारी २०१५ मध्ये युरोपच्या 'प्लँक' उपग्रहाची निरीक्षणं शेजारी ठेवली गेली. संदेशाचा मोठा हिस्सा आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला, आणि शोधाचा दावा मावळला. सगळी हुशार माणसं, उत्तम उपकरण, वर्षानुवर्षांचे कष्ट. तरी घरातली धूळ पूर्ण वजा झाली नव्हती. पण हे उघडकीला यायला दहा महिने पुरले, कारण शेजारच्या उपग्रहाकडे धुळीची वेगळी मोजणी होती आणि दोन्ही गट एका टेबलाशी बसले.

आता हाच चष्मा लावून कृत्रिम बुद्धिमत्तेकडे पाहू.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं नवं मॉडेल, म्हणजे नवी प्रणाली, आली की कंपनी एक तक्ता छापते: गणितात इतके टक्के, कायद्यात इतके, वैद्यकाच्या परीक्षेत इतके. शिक्षक म्हणून मला पहिली शंका तीच येते जी प्रत्येक शिक्षकाला येईल. पेपर आधी फुटला होता का? ही मॉडेलं इंटरनेटवरच्या अफाट मजकुरावर घडवली जातात, आणि या परीक्षांचे प्रश्न त्यांच्या उत्तरांसकट इंटरनेटवरच असतात. शालेय गणिताच्या सुमारे साडेआठ हजार शाब्दिक उदाहरणांचा एक संच २०२१ पासून मॉडेलांची परीक्षा घ्यायला सर्रास वापरला जातो. २०२४ मध्ये संशोधकांच्या एका गटानं त्याच धाटणीची, त्याच काठिण्याची हजाराहून अधिक नवी उदाहरणं माणसांकडून लिहून घेतली आणि जुन्याच मॉडेलांना दिली. काहींचे गुण जवळपास तेवढेच राहिले. काहींचे मात्र चांगलेच घसरले. तक्त्यात या दोन्ही प्रकारची मॉडेलं एकमेकांशेजारी, सारख्याच आत्मविश्वासानं उभी होती. कोण शिकलं आणि कोणी पाठ केलं हे तक्त्यावरून ओळखता येत नव्हतं. पाठांतर ही या क्षेत्रातली अंगणातली शेकोटी आहे, आणि तिचा धूर किती हे मोजायला लागणारा आकडा, म्हणजे मॉडेल नेमकं कशावर घडवलं, तोच बहुतेक कंपन्या सांगत नाहीत.

सरासरीमागं लपणं हा दुसरा प्रकार. २०१८ मध्ये एमआयटीतल्या जॉय बुओलामविनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण फार तर ०.८ टक्के होतं. सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. एकूण सरासरी पाहिली असती तर प्रणाली छानच वाटल्या असत्या. आकाशाच्या एका तुकड्यात धूळ कमी आणि दुसऱ्यात जास्त असते हे विश्वशास्त्रज्ञ कधी विसरत नाही, तो प्रत्येक तुकड्याची अनिश्चितता वेगळी लिहितो. इथं तर प्रत्येक तुकडा म्हणजे माणसं आहेत.

टेगमार्क यांच्याशी माझा मतभेद आहे तो या टप्प्यावर. २०२५ मध्ये त्यांनी कंपन्यांना सांगितलं की अण्वस्त्राच्या पहिल्या चाचणीआधी जसं गणित केलं गेलं तसं तुम्हीही करा. १९४५ च्या आधी अमेरिकेच्या मॅनहॅटन या अणुबॉम्ब प्रकल्पातल्या भौतिकशास्त्रज्ञांना खरंच प्रश्न पडला होता की बॉम्बच्या उष्णतेनं वातावरणातला नायट्रोजन पेटून सारी पृथ्वी जळेल का. त्यांनी आकडेमोड केली आणि तसं होणार नाही या निष्कर्षाला आले. त्यातले एक ज्येष्ठ होते आर्थर कॉम्प्टन. त्यांच्या नावावरून टेगमार्क यांनी 'कॉम्प्टन स्थिरांक' अशी कल्पना मांडली: अतिबुद्धिमान यंत्रावरचा माणसाचा ताबा सुटण्याची शक्यता. त्यांचा स्वतःचा अंदाज ९० टक्क्यांच्या वरचा आहे.

मागणी शंभर टक्के रास्त आहे. पूल बांधणाऱ्यानं भाराचं गणित दाखवावं लागतं, औषध विकणाऱ्यानं चाचण्या दाखवाव्या लागतात, तर साऱ्या मानवजातीला धोका असू शकतो असं ज्यांचे स्वतःचे प्रमुख म्हणतात त्यांनी कोरा कागद का द्यावा? पण ९० हा आकडा मला पटत नाही. नायट्रोजनचं गणित शक्य झालं कारण अणुकेंद्रं एकमेकांवर आदळली की काय होतं याचे नियम हातात होते. बुद्धिमत्तेचे असे नियम आज कोणाकडेच नाहीत. टेगमार्क आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्या दिशेनं जे काम केलं ते मोलाचं आहे: कमी ताकदीचं यंत्र जास्त ताकदीच्या यंत्रावर कितपत देखरेख ठेवू शकेल, हे त्यांनी काही खेळ मांडून मोजलं. दोघांच्या ताकदीत एक ठरावीक दरी धरल्यावर वादविवादाच्या खेळात देखरेख सुमारे ५२ टक्के वेळा यशस्वी ठरली, इतर खेळांत तर ९ ते १४ टक्क्यांच्या आसपास. आपल्याला हवी ती वस्तू ही आहे, कारण कोणीही ते खेळ पुन्हा मांडून आकडा तपासू शकतो. त्या खेळांपासून मानवजातीच्या भवितव्यापर्यंतची उडी मात्र मोजमापाची नाही, मताची आहे. आकाशातली धूळ वजा करण्यात ज्या माणसानं एवढे कष्ट घेतले, त्यानं हा आकडा त्याची अनिश्चितता न सांगता द्यायला नको होता. मी हे आदरापोटीच म्हणतो. विरोधकांना नेमकी हीच फट हवी असते. एका सैल आकड्याकडे बोट दाखवून ते बाकीची सगळी रास्त मागणी बाजूला सारतात.

विश्वाचा अभ्यास करणाऱ्या माणसानं सार्वजनिक प्रश्नात उतरावं कसं याचं एक उदाहरण आपल्या घरातच आहे, आणि ते मला टेगमार्क यांच्या पत्रांपेक्षाही जास्त शिकवून जातं. डॉ. जयंत नारळीकरांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत, फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. २००९ मध्ये ती 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाली. २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. कोणती कुंडली कोणाची हे गुपित ठेवलं. ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवूनही साधारण तेवढंच जमतं.

या प्रयोगात मला भावतं ते हे की नारळीकरांनी 'माझं मत असं आहे' यावर भागवलं नाही. त्यांच्या मताला महाराष्ट्रात केवढं वजन होतं! तरी त्यांनी परीक्षा रचली, यशाची रेघ आधी आखली, आणि उत्तरांची किल्ली परीक्षार्थीच्या हाती जाणार नाही अशी तजवीज केली. ज्योतिष खरं ठरायला त्यांनी पूर्ण वाव ठेवला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला मी याहून वेगळी वागणूक मागत नाही. भाकीत करणारा पोपट असो की लाखो प्रोसेसरांवर घडलेलं मॉडेल, पाकीट बंद हवं आणि किल्ली तिसऱ्याकडे हवी.

बंद पाकिटाची सवय विश्वाच्या अभ्यासात किती खोल रुजली आहे ते 'लायगो'च्या बाबतीत दिसतं. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या या प्रकल्पात गोंगाटातून लहर वेचायच्या गणिती पद्धतींमध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या संजीव धुरंधर यांचं पायाभूत काम आहे. १६ सप्टेंबर २०१० ला उपकरणांत एक झकास संदेश उमटला. शेकडो शास्त्रज्ञ कामाला लागले, सहा महिने तपासलं, शोधनिबंधाचा मसुदा तयार झाला. मार्च २०११ मध्ये सगळ्यांच्या समोर पाकीट उघडलं. संदेश बनावट होता. आपल्यातल्याच काही जणांनी, ठरवून, गुपचूप उपकरणात तो सोडला होता आणि असं होऊ शकतं हे सगळ्यांना माहीत होतं. कोणाची फजिती करायची नव्हती. खरी लहर आली तर आपण ती ओळखू का, आणि वाटेत स्वतःला फसवू का, एवढंच बघायचं होतं. खरी लहर आली १४ सप्टेंबर २०१५ ला. तेव्हाही जगाला सांगायला त्यांनी ११ फेब्रुवारी २०१६ ची वाट पाहिली. एक सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या संदेशासाठी पाच महिने.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे. विश्व आपल्याकडे बघत नाही. दुर्बीण लावली म्हणून तारा वागणं बदलत नाही. मॉडेल मात्र बदलू शकतं. आपली परीक्षा चालू आहे हे आजच्या काही मॉडेलांना बऱ्याचदा ओळखता येतं, असं संशोधनात दिसून आलं आहे. म्हणजे विश्वशास्त्राची शिस्त इथं अपुरी पडेल का? पडेल, हे मान्य करायला हवं. पण यातून परीक्षा सैल करायचं कारण मिळत नाही. शाळा तपासणीची तारीख आधी कळली की त्या दिवशी फळे पुसलेले असतात आणि सगळे शिक्षक वर्गात असतात, हे अनुभवलेल्या कोणालाही उपाय सांगावा लागत नाही. तपासणी न सांगता हवी, आणि एकदा होऊन संपणारी नको.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: एवढं तपासत बसलो तर आपण मागं पडू. मला हा प्रश्न वेगाचा वाटत नाही, कोणाच्या खर्चानं वेग घ्यायचा याचा वाटतो. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये पोलिसांसाठी 'मार्व्हल' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी काढली. २०२५ मध्ये शेतीसाठी 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर झालं. बारामतीत उसावर प्रयोग चालू आहेत. यातलं बरंच उपयोगी ठरू शकतं, आणि मी याच्या विरोधात नाही. पाऊस, कीड, रोग यांचा अंदाज चार दिवस आधी मिळाला तर तो कोणाला नको आहे? पण सल्ला चुकला तर नुकसान कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही, ते एका हंगामात एका घराचं होतं. म्हणून गावात सल्ला देण्याआधी त्या प्रणालीचे अंदाज कोणीतरी तिसऱ्यानं बंद पाकिटात ठेवून, प्रत्यक्ष पिकाशी ताडून पाहावेत. कृषी विद्यापीठांकडे शेतं आहेत, माणसं आहेत. बागायती जमिनीवर किती चुकलं, कोरडवाहूवर किती, हे वेगवेगळं छापावं. पोलिसांच्या प्रणालीबाबत तर हे आणखी निकडीचं आहे, कारण तिथं चूक म्हणजे एखाद्या माणसाच्या दारावर पडलेली थाप असते.

हे सगळं लिहायला मला भाग पाडलं ते माझ्या आत्यानं. पंचाहत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर शेतात राबलेली. हयातीच्या दाखल्यासाठी ती गेली तेव्हा यंत्रावर तिचा अंगठा उमटेना. चाळीस वर्षं खुरपं धरून रेषाच उरल्या नव्हत्या. खिडकीपलीकडचा माणूस तिला लहानपणापासून ओळखत होता, तिच्या शेतातली बोरं खाऊन मोठा झालेला. तो म्हणाला, "आत्या, मला दिसतंय तुम्हीच आहात, पण मशीन नाही म्हणतंय." तिला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. त्या माणसाला मी कधी दोष दिला नाही. यंत्र चुकतंय हे त्याला स्वच्छ दिसत होतं, पण तसं म्हणायची सोय त्याच्यासाठी कोणी ठेवलीच नव्हती. त्यानं म्हटलं असतं तर उद्या जाब त्यालाच विचारला गेला असता. तिथं कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, साधं बोटांचे ठसे वाचणारं यंत्र होतं. आता त्या खिडकीवर याहून कितीतरी हुशार, कितीतरी ठाम बोलणारी यंत्रं येणार आहेत.

टेगमार्क यांच्या संस्थेनं २०१८ मध्ये स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांना मरणोत्तर पुरस्कार दिला. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री हे सोव्हिएत अधिकारी मॉस्कोजवळच्या एका तळघरात क्षेपणास्त्रांची सूचना देणाऱ्या यंत्रणेसमोर बसले होते. यंत्रणेनं सांगितलं, अमेरिकेनं एक क्षेपणास्त्र सोडलं आहे. मग आणखी चार. यंत्र ठाम होतं. पेत्रोव्ह यांनी वर कळवलं की सूचना खोटी आहे. हल्ला करायचाच तर कोणी पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल, आणि यंत्रणा तर नुकतीच बसवलेली, हा त्यांचा तर्क. नंतर कळलं की उंच ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला ज्वाळेसारखं दिसलं होतं. खोडदच्या खांबावरची ठिणगी, दक्षिण ध्रुवावरून दिसलेली धूळ आणि हे ऊन, सगळी एकाच कुळातली. फरक एवढाच की त्या रात्री तपासायला पाच महिने नव्हते, काही मिनिटं होती. पेत्रोव्ह यांना त्या वेळी बक्षीस मिळालं नाही. उलट नोंदवहीत त्या रात्रीच्या नोंदी नीट केल्या नाहीत म्हणून बोलणी बसली.

कायदा करायचाच असेल तर माझी पहिली मागणी त्या खिडकीतल्या माणसासाठी आहे. यंत्राचा निर्णय बाजूला ठेवण्याचा अधिकार त्याला लेखी मिळावा, त्यामागचं कारण लिहून ठेवण्याची सोय असावी, आणि तसं केल्याबद्दल त्याच्यावर कारवाई होऊ नये. यंत्राला नाकारल्याच्या अशा नोंदी दर वर्षी सार्वजनिक व्हाव्यात. यंत्र कुठं चुकतं याची त्याहून खरी मोजणी कोणत्याही प्रयोगशाळेत होणार नाही.

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, 'लायगो-इंडिया' उभं राहतंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा तिथल्या माळावर येतील. ते सुरू होईल तेव्हा तिथंही कधीतरी कोणीतरी गुपचूप बनावट संदेश सोडेल, आणि जगातली अत्यंत हुशार माणसं आपल्या यंत्राला आणि स्वतःला पारखून घेतील. कुंपणापलीकडच्या शेतात सोयाबीन आणि हळद असेल, आणि त्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर कोणतं औषध कधी फवारायचं याचा सल्ला आलेला असेल. त्या सल्ल्याचं पाकीट कोणाकडे आहे, हे मला त्या शेतकऱ्याच्या वतीनं आजच विचारायचं आहे.